नळाचे पाणी आणि सक्तीचा विषय

गेल्या दिवाळीच्या फराळाला कॅनडातल्या विनिपेगमधली आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबे जमलो होतो. बोलता बोलता विषय निघाला तो विद्यापीठातल्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचा. नाशिकहून शिकायला आलेल्या एका मुलाला पदवीसाठी इथल्या मूलनिवासींविषयीचा एक विषय घ्यावाच लागणार होता आणि तो वैतागला होता. "मावशी, आम्ही परवा आलो. या गोऱ्यांच्या पणजोबांनी जे केलं ते यांनी निस्तरावं. परदेशी म्हणून आमच्याकडून एवढी फी घेतात, ती काय यांची पापं ऐकायला?" एका काकांनी लगेच दुजोरा दिला, "आपल्यालाही इंग्रजांनीच लुटलं. आपण कसलं प्रायश्चित्त घ्यायचं?" त्यावर रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका ताईंनी समजुतीचा सूर लावला, "अरे, थोडं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, सर्टिफिकेट घ्यायचं. इथे ते चांगलं दिसतं." खरे सांगायचे तर मुलाच्या रागापेक्षा ताईंची समजूत मला अधिक खुपली. राग आलेल्या माणसाला निदान आपल्याकडून काहीतरी मागितले जाते आहे हे कळलेले असते.

कॅनडातला जाहीर वादही बहुतांशी याच दोन सुरांत चालतो. एक बाजू म्हणते की मूलनिवासींविषयीचे हे प्रशिक्षण म्हणजे वैचारिक सक्ती आहे. दुसरी म्हणते की त्याला विरोध करणे हेच ते आवश्यक असल्याचे लक्षण आहे. त्या तासांत नेमके काय शिकवतात, कोण शिकवतो आणि ते शिकलेल्या माणसाच्या कामात पुढे काय फरक पडायला हवा, हे दोघेही विचारत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे. हा विषय विद्यार्थ्यांना आणि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांनाही सक्तीचाच असावा, आणि तो कामाचे ज्ञान म्हणून शिकवला जावा. ज्या भूमीवर आपण डॉक्टर, वकील, शिक्षक किंवा अभियंता म्हणून पगार घेणार, तिच्याबद्दल मूलनिवासींशी झालेले करार, तिचा कायदा आणि तिथे आपल्याच व्यवसायाने पूर्वी केलेल्या चुका ठाऊक असणे ही त्या व्यवसायाची किमान पात्रता आहे. आज 'सांस्कृतिक जाणीव' या नावाखाली जे चालते त्यातले पुष्कळसे या कसोटीला उतरत नाही, आणि ते खुशाल बंद करावे.

मी पाणीपुरवठा अभियांत्रिकी शिकवते, म्हणून उदाहरण माझ्याच विषयातले देते. विनिपेगचे पाणी शोल लेक या तलावातून येते. १९१९ साली पूर्ण झालेली सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची जलवाहिनी केवळ उताराच्या जोरावर ते शहराकडे आणते. शंभर वर्षांपूर्वीच्या साधनांनी, दलदलीच्या मुलखातून, इतक्या लांबवर इतका हलका उतार साधणे ही मोठी विद्या आहे आणि वर्गात ती उलगडून सांगताना मला आजही भरून येते. तलावाच्या ज्या कोपऱ्यातून पाणी उचलायचे होते तिथे एका नदीचे तपकिरी, दलदलीतले पाणी येऊन मिसळत होते. अभियंत्यांनी तिथे बंधारा घातला, एक कालवा खणला आणि ते पाणी तलावाच्या दुसऱ्या भागात वळवून दिले. नकाशावर हा उपाय निर्दोष आहे. परंतु तिथे अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांची वस्ती होती, जी आज 'शोल लेक ४०' या नावाने ओळखली जाते. त्यांची जमीन त्यांच्या संमतीवाचून शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी देण्यात आली आणि त्या कालव्याने त्यांचा भूभाग मुख्य भूमीपासून तोडून त्याचे बेट करून टाकले. पुढे सुमारे शंभर वर्षे या माणसांनी उन्हाळ्यात नावेतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून ये-जा केली. बर्फ पुरता धरलेला नसे किंवा वितळू लागलेला असे तेव्हा जीव मुठीत धरून केली. बारमाही रस्ता नसल्यामुळे शुद्धीकरण केंद्राचे सामान नेणे परवडेना. ज्या तलावाचे पाणी शहर प्यायचे, त्याच तलावाच्या काठच्या या वस्तीला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका असा इशारा लागू होता. रस्ता झाला तो २०१९ मध्ये.

इथे आल्यावर पहिली चार वर्षे मी ही जलवाहिनी शिकवली, आणि त्या चारही वर्षांच्या माझ्या टिपणांत या वस्तीचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. तो मुद्दाम गाळला नव्हता. मलाच ठाऊक नव्हते. उतार, व्यास, प्रवाहाचा वेग, सगळे बरोबर शिकवत होते आणि तरीही अर्धवट शिकवत होते. बंधाऱ्याच्या एका बाजूचा परिणाम मोजायचा आणि दुसऱ्या बाजूचा सोडून द्यायचा, असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर मी त्याला पूर्ण गुण दिले असते का? मग हा विषय 'संस्कृती'च्या खात्यात टाकून अभियांत्रिकीच्या खात्यातून वजा करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की अशा प्रशिक्षणांनी माणसे बदलत नाहीत. हा मुद्दा खरा आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी शेकडो कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून दाखवून दिले आहे की सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणानंतर त्या कंपन्यांच्या वरच्या पदांवरचे चित्र फारसे सुधारत नाही आणि काही ठिकाणी तर उलटे होते, कारण दटावून शिकवलेल्या माणसाच्या मनात अढी बसते. माझा अनुभवही वेगळा नाही. पूर्वीच्या एका विद्यापीठात मला असे प्रशिक्षण संगणकावर पुरे करावे लागले होते. गरुडाचे पीस, ढोल, सूर्यास्त अशी चित्रे, खाली दोन ओळी मजकूर आणि कोपऱ्यात 'पुढे' असे बटण. शेवटी पाच प्रश्न होते. उत्तर चुकले तर बरोबर पर्याय हिरवा होऊन पुन्हा संधी मिळे. चाळीस मिनिटांत प्रमाणपत्र हाती आले. त्यात मी राहत होते त्या गावाच्या जमिनीबद्दल कोणता करार झाला होता, की झालाच नव्हता, याविषयी एक अक्षर नव्हते. असे प्रशिक्षण निरुपयोगी आहे असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन.

मात्र हे निष्कर्ष ज्या प्रकाराविषयीचे आहेत तो प्रकार आणि विद्यापीठातला विषय या एकच गोष्टी आहेत का? एका दुपारी माणसाचे पूर्वग्रह धुऊन काढण्याचा प्रयत्न फसतो, यावरून तेरा आठवडे इतिहास आणि कायदा शिकवणेही फसते असे सिद्ध होत नाही. करविषयक कायदा शिकवल्याने कोणी प्रामाणिक होतो असे आपण मानत नाही, पण म्हणून तो विषय वाणिज्य शाखेतून काढूनही टाकत नाही. विनिपेग आणि लेकहेड या दोन विद्यापीठांनी २०१६ पासून प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला मूलनिवासींविषयीचा अभ्यास आवश्यक केला, तो वाचन, लेखन आणि परीक्षा असलेल्या विषयाच्या रूपात. हे श्रेयांक पदवीला एरवीही लागणाऱ्या श्रेयांकांतच मोजले जातात, त्यामुळे फराळाच्या वेळचा 'जादा फी' हा आक्षेपही टिकत नाही. परदेशी विद्यार्थ्यांची फी अवाच्या सवा आहे हे मला मान्य आहे, पण ती प्रत्येकच विषयाला आहे.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. विद्यापीठाने विचार शिकवावा, विश्वास लादू नये, हे म्हणणे मला शंभर टक्के पटते, आणि म्हणूनच एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे: ज्ञानाची सक्ती करता येते, मताची करता येत नाही. १९९९ च्या ग्लॅडू खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूलनिवासी आरोपीला शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने त्याच्या समाजाची आणि त्याची स्वतःची पार्श्वभूमी विचारात घेतलीच पाहिजे. हा निकाल चुकीचा आहे असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटत असेल तर त्याने तसे खुशाल लिहावे आणि युक्तिवाद चांगला असेल तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळावेत. पण हा निकाल माहीतच नसलेला वकील अशिलाच्या वतीने उभा राहणार असेल, तर त्या अशिलाच्या स्वातंत्र्याचे काय? अल्बर्टा प्रांतातल्या वकिलांच्या नियामक संस्थेने असा एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा केला तेव्हा काही वकिलांनी तो नियमच रद्द करण्याची मागणी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सभासदांचे मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने ती मागणी फेटाळली गेली. मतदान करणारे सगळे भावनेच्या भरात वाहून जाणारे होते असे मानायला मी तयार नाही. आपल्या पेशाला काय लागते हे त्यांना कळत होते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला डेल्गमूक खटला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन या मूलनिवासी राष्ट्रांनी आपल्या जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून आणल्या त्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथा आणि गाणी, कारण त्यांच्याकडे दस्तऐवज त्याच रूपात जतन केला जातो. मेरी जॉन्सन या वृद्ध गिट्क्सान स्त्रीने साक्षीत असे एक गाणे म्हणायचे ठरवले, तेव्हा न्यायाधीश ॲलन मकीकर्न यांनी आपल्याला गाण्यातले काही कळत नाही, ते गाऊन उपयोग नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. तीनशेहून अधिक दिवस चाललेल्या त्या खटल्याचा निकाल त्यांनी १९९१ मध्ये त्या राष्ट्रांच्या विरोधात दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो निकाल बाजूला सारला आणि सांगितले की मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोलले पाहिजे. मकीकर्न कायद्याचे मोठे जाणकार होते. त्यांना पुरावा ऐकता आला नाही. जात्यावरच्या ओव्यांतून आणि पोवाड्यांतून आपला इतिहास शोधणाऱ्या मराठी वाचकाला यातली चूक समजावून सांगायला हवी का?

तिसरा आक्षेप मूलनिवासी अभ्यासकही घेतात आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'संस्कृतीची ओळख' म्हणता म्हणता जिवंत माणसांची ठोकळेबाज यादी तयार होते: हे लोक नजरेला नजर देत नाहीत, ते वडीलधाऱ्यांना विचारून ठरवतात, त्यांना निसर्ग प्रिय असतो. आदिवासी म्हटले की तारपा आणि वारली चित्रे एवढेच दाखवणारी आपल्याकडची संमेलने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा धोका नवा नाही. यावरचे उत्तर न्यूझीलंडमधल्या इरिहापेती रॅम्सडेन या माओरी, म्हणजे तिथल्या मूलनिवासी, परिचारिकेने तीसेक वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. परिचारिकेने माओरींच्या चालीरीती पाठ करू नयेत, तर आपल्या हातातली सत्ता ओळखावी आणि आपली सेवा सुरक्षित आहे की नाही हे ज्याला ती सेवा मिळते त्यालाच ठरवू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. तिथल्या परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये हा विचार अभ्यासक्रमात आणला तेव्हा वर्तमानपत्रांतून काहूर उठले. त्यातली टीकाही आजच्यासारखीच, वर्गात काय शिकवतात ते फारसे न पाहता केलेली होती.

सत्ता ओळखणे म्हणजे काय, हे मला विनिपेगमधल्याच एका मृत्यूने शिकवले. सप्टेंबर २००८ मध्ये ब्रायन सिंक्लेअर हे दोन्ही पाय गमावलेले मूलनिवासी गृहस्थ मूत्राशयाच्या संसर्गावर उपचारांसाठी इथल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले आणि आपल्या व्हीलचेअरवर चौतीस तास बसून राहिले. त्यांना उलट्या झाल्या. आजूबाजूच्या लोकांनी कर्मचाऱ्यांचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. काही कर्मचाऱ्यांनी ते प्यालेले असावेत असे गृहीत धरले, काहींना वाटले की ते उबेला येऊन बसले आहेत. उपचार करता येण्याजोग्या आजाराने ते तिथेच गेले. त्या कर्मचाऱ्यांना वैद्यकीय ज्ञान नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापैकी कोणी स्वतःला दुष्ट समजत असेल असेही मला वाटत नाही. एका गृहीतकाने निदानाची वाट अडवली, आणि अशा गृहीतकाला वैद्यकीय चूक म्हणूनच शिकवायला हवे, जशी औषधाची मात्रा चुकणे ही चूक असते. फराळाच्या वेळी मान डोलवायला सांगणाऱ्या ताई चांगल्या मनाच्या आहेत. चांगल्या मनाच्या माणसांच्या देखतच हे घडले.

आता आपल्या माणसांचा लाडका मुद्दा: आम्ही नवे, आमचा संबंध काय? अपराध आपला नाही, हे अगदी खरे. पापपुण्याच्या हिशेबात नवागताला ओढणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. संबंध मात्र आहे, आणि तो नळ उघडताच सुरू होतो. इथले नागरिकत्व घेताना आपण जी शपथ घेतो तिच्यात २०२१ पासून फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तीन समूहांच्या मूलनिवासी आणि करारसिद्ध हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. हात वर करून ज्या करारांची शपथ घ्यायची ते करार काय आहेत हे न वाचता ती घेणे आपल्याला शोभते का?

आणि आपल्यालाही इंग्रजांनीच लुटले, हे म्हणणाऱ्या काकांना मी एवढेच सांगेन की म्हणूनच तर हा इतिहास आपल्याला इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. मी सोलापूरची. शाळेला जाताना वाटेत 'सेटलमेंट' लागायची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच चोर ठरवले त्या लोकांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई, हे मला कळले ते घर सोडल्यावर फार उशिरा. तोवर तो शब्द माझ्यासाठी नुसता रस्त्याच्या खुणेचा होता. आपल्याकडचा तो कायदा १८७१ चा आणि तिथल्या मूलनिवासींना 'इंडियन' म्हणून नोंदवणारा कॅनडाचा इंडियन कायदा १८७६ चा. एकाच साम्राज्याच्या छायेत, पाच वर्षांच्या अंतराने, दोन खंडांवर माणसांच्या नोंदवह्या तयार झाल्या. आणि इंग्रज गेल्यावर काय झाले? तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यातले आदिवासी पाडे आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शोल लेकची गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो तो ती परकी असल्यामुळे नव्हे.

हे सगळे विद्यापीठानेच का शिकवावे, असेही विचारले जाते. कारण विद्यापीठ या कहाणीत तटस्थ कधीच नव्हते. १८७६ च्या त्याच कायद्यात अशी तरतूद होती की विद्यापीठाची पदवी मिळवणारा 'इंडियन' आपोआप 'मुक्त' होईल, म्हणजे त्याचा इंडियन दर्जा जाईल. शिकायचे असेल तर आपल्या माणसांतून उठून यायचे, ही अट होती. निवासी शाळांनी हीच अट लहान मुलांना लावली. शतकाहून अधिक काळात सुमारे दीड लाख मुले घरांपासून तोडून या शाळांत ठेवली गेली. याउलट १८८२ मध्ये जोतीराव फुले हंटर आयोगापुढे सांगत होते की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, कारण ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील. त्याच सुमारास कॅनडाचे सरकार नेमक्या उलट्या तत्त्वावर शाळा उभारत होते. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचे जग ठाऊक असावे, ही मागणी आपल्याच घरातली आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत कडवट आहे: प्रशिक्षण स्वस्त पडते म्हणून दिले जाते, आणि पाणी, घरे, शाळांचा निधी, प्राध्यापकांच्या नेमणुका हे महागाचे प्रश्न तसेच राहतात. यात तथ्य आहे. नुसती माहिती पुरत नाही याचा पुरावा म्हणून सरकारी वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांचे नाव घेता येते. त्यांनी १९०७ मध्येच निवासी शाळांच्या पाहणीवरून सरकारला कळवले होते की माहिती मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मरण पावला आहे. सरकारला कळले होते आणि शाळा चालूच राहिल्या. शिवाय विद्यापीठांना घाई झाली की काय होते तेही दिसले आहे: नेमलेल्यांपैकी काहींचा मूलनिवासी असल्याचा दावा खोटा निघाला, आपल्याकडे बोगस आदिवासी दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्या गेल्या तसाच प्रकार. पण कळलेली गोष्ट दाबता येते म्हणून न कळणे बरे, असा निष्कर्ष यातून कसा निघेल? ब्राइस यांच्या अहवालाकडे डोळेझाक करता आली कारण तो वाचून प्रश्न विचारणारे डॉक्टर, अभियंते आणि मतदार पुरेसे नव्हते. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ आवाहनांत वैद्यकीय, परिचर्या आणि विधी महाविद्यालयांसाठी हा अभ्यास स्वतंत्रपणे मागितला आहे, आणि त्याच यादीत शिक्षणाचा निधी, आरोग्य आणि बालकल्याण यांच्याही मागण्या आहेत. पहिली पुरी केली म्हणून दुसरी माफ, असे आयोगाने कुठेही म्हटलेले नाही. माझ्या मते विद्यापीठांनी ते बटणाचे प्रशिक्षण बंद करून तो पैसा मूलनिवासी प्राध्यापकांच्या कायम नेमणुकांवर खर्च करावा, प्रत्येक शाखेने आपापल्या व्यवसायाचा इतिहास स्वतः लिहून काढावा, आणि वर्गातल्या एखाद्या मूलनिवासी मुलीला 'तू सांग ना तुमच्याबद्दल' असे म्हणून फुकटची शिक्षिका बनवणे आजच थांबवावे.

मी माझ्यापुरते बदलले आहे ते प्रश्नपत्रिकेत. जलवाहिनीच्या उताराचे गणित तसेच आहे. त्याखाली आता दुसरा प्रश्न असतो: बारमाही रस्ता नसलेल्या, तीनशे माणसांच्या तलावकाठच्या वस्तीसाठी शुद्धीकरण केंद्राचा आराखडा करा, सामान कोणत्या महिन्यात आणि कसे पोहोचवणार ते लिहा, ही जमीन कोणत्या कराराखाली येते, सल्लामसलतीचे कायदेशीर कर्तव्य कोणावर आहे आणि नकाशा काढण्यापूर्वी तुम्ही कोणाला भेटाल, ते सांगा. नाशिकचा तो मुलगा या सत्रात माझ्या वर्गात आहे. परवा तास संपल्यावर तो थांबला आणि त्याने विचारले, "मॅडम, भातसाचं गणितही असंच मांडता येईल का?" आम्ही दोघांनी फळ्यावर शहापूरचा नकाशा आठवून काढायला घेतला.